चन्नपट्टण : लाखमोलाच्या खेळण्यांचे गाव

बंगळुरूहून म्हैसूरला जाणाऱ्या जुन्या रस्त्याने साठेक किलोमीटर अंतर कापले, की दोन्ही बाजूंना लाकडी घोडे दिसू लागतात. लाल, पिवळे, हिरवे झुलते घोडे, फळीवर ओळीने उभे राहिलेले टोपीवाले विदूषक, दारात टांगलेले मण्यांचे पडदे. इतका वेळ गाडीत गाढ झोपलेली मुले नेमकी इथेच कशी जागी होतात, हे कोडे कित्येक आईवडिलांना सुटलेले नाही. मुले जागी होत, हट्ट धरत, गाडी थांबे आणि चार खेळण्यांची पिशवी घेऊनच पुढे निघे. कन्नडमध्ये या गावाला ‘गोंबेगळ ऊरु’ म्हणजे बाहुल्यांचे गाव म्हणतात. या गावाचा बराचसा व्यापार अनेक वर्षे बालहट्टावरच चालत आला.

मग १२ मार्च २०२३ रोजी बंगळुरू-म्हैसूर द्रुतगती महामार्गाचे उद्घाटन झाले. ११८ किलोमीटरच्या या रस्त्याने प्रवासाचा वेळ जवळजवळ निम्म्यावर आणला. प्रवाशांच्या दृष्टीने ही सोयच. पण रामनगर आणि चन्नपट्टण या दोन्ही गावांना वळसा घालणारा सुमारे २२ किलोमीटरचा बाह्यमार्ग त्यात आहे. आता गाड्या गावाच्या बाहेरून भरधाव निघून जातात. मुलांची झोप मोडत नाही, हट्ट होत नाही, गाडी थांबत नाही. जुन्या रस्त्यावरच्या खेळण्यांच्या दुकानांची विक्री एकदम खाली आली. मद्दूरच्या वड्यांपासून शहाळीवाल्यांपर्यंत त्या वाटेवरच्या सगळ्यांचीच तीच कथा आहे.

थोडक्यात, चन्नपट्टण हे वाटेवरचे गाव होते, ते आता मुद्दाम जायचे गाव झाले आहे. आणि मुद्दाम वाट वाकडी करायची, तर तिथे आहे काय, हा प्रश्न कुणीही विचारणारच. दुकाने पाहायला जायचे असेल, तर खुशाल जाऊ नये. ही खेळणी आता बंगळुरूच्या मोठ्या दालनांत मिळतात, घरबसल्याही मागवता येतात. चन्नपट्टणला जायचे ते खेळणे होताना पाहायला.

दगडांपलीकडचे गाव

बंगळुरूहून गाडीने निघाले, तर वाटेत रामनगरचे अजस्र खडक लागतात. ‘शोले’तला गब्बरसिंग याच खडकांत राहत होता, हे पोरांना सांगितले, की प्रवासाचा अर्धा तास तरी सुखाचा जातो. रामनगर हे रेशमाचे गाव. तिथला रेशीमकोषांचा बाजार देशात नावाजलेला आहे. त्यापुढे दहा-बारा किलोमीटरवर चन्नपट्टण येते. बंगळुरू-म्हैसूर लोहमार्गावर त्याचे स्वतःचे स्थानक आहे. खरे तर रेल्वेनेच जाणे उत्तम, कारण लोहमार्गाने अजून गावाला वळसा घातलेला नाही.

गाव दिसायला तुमच्या-आमच्या तालुक्याच्या गावासारखेच आहे. मुख्य रस्ता, बसस्थानक, केळ्यांच्या गाड्या, भोंगे, धूळ. चित्रासारखे टुमदार शिल्पग्राम डोळ्यांपुढे ठेवून गेलेल्याची निराशा होते. पण मुख्य रस्ता सोडून आतल्या गल्ल्यांत शिरले, की एक बारीक, अखंड घरघर कानी येते. घराच्या पुढच्या खोलीत, पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये लेथ फिरत असतात. दारात भुशाचे ढीग असतात आणि भुशातून चपला वाजवत शाळेतून घरी येणारी मुले असतात. कारागिरांच्या वस्तीचे नावच कलानगर आहे. राज्याच्या हस्तकला विकास महामंडळाचे लाखकामाचे केंद्रही गावात आहे आणि आसपासच्या खेड्यांतही हे काम चालते.

लेथ म्हटल्यावर कारखाना आठवतो. पण आपल्या स्वयंपाकघरातले लाटणे हे लेथवरचेच काम आहे. रवीचा दांडा, भोवरा, देव्हाऱ्याचे खांब, पाळण्यावर टांगायचे चिमणाळे, सगळे तिथलेच. लाकूड फिरते ठेवून त्याला हत्यार लावायचे आणि गोल आकार काढायचा, म्हणजे कातायचे. हे काम करणाऱ्याला मराठीत कातारी म्हणतात. शहरांतून हा शब्द आता आडनावापुरताच ऐकू येतो. चन्नपट्टणात मात्र कातारी गल्लोगल्ली आहेत.

दहा मिनिटांचा खेळ

कारागिराच्या बाजूला ओंडक्यांची रास असते. हे लाकूड कन्नडमधल्या ‘आले मर’ या झाडाचे, म्हणजे आपल्याकडचा काळा कुडा. फांदी तोडली, की दुधासारखा चीक येतो आणि आतले लाकूडही दुधी, जवळपास हस्तिदंतासारखे निघते. रेषा बारीक, पोत मऊ, गाठी कमी. पटाशी लावली, की लोण्यातून गेल्यासारखी जाते. तोडल्यावर दोन-तीन महिने ते सुकवावे लागते. ओले लाकूड कातले, तर पुढे तडकते आणि वर्षभराने घोड्याचा पाय सैल होतो. याच झाडाच्या पानांपासून पूर्वी निळा रंगही काढत. वनस्पतिशास्त्रातल्या त्याच्या नावातच रंगवण्याचा अर्थ आहे. असो.

वीतभर तुकडा घेऊन कारागीर तो लेथच्या पोकळ तोंडात हातोडीने ठोकून बसवतो. मोटर सुरू होते, पट्टा फिरू लागतो आणि ओबडधोबड तुकड्याच्या कडा पुसट दिसू लागतात. पटाशी टेकताच लाकडाची लांब, कुरळी साल सुटते आणि कारागिराच्या हातावरून घरंगळत खाली पडते. पाहता पाहता तुकडा गोल होतो, मग त्याला कंबर येते, मग मान. मोजमापाला काही जण कंपास लावतात. जुना हात मात्र लेथ न थांबवता नुसत्या नजरेने एकसारखे वीस भोवरे काढतो. पॉलिश कागद फिरला, की लाकूड गुळगुळीत होते. इथवरचे काम कुठल्याही चांगल्या सुतारकामाच्या शाळेत पाहायला मिळेल.

खरी गंमत यानंतर आहे. कारागीर बाजूच्या डब्यातून लाल रंगाची एक कांडी काढतो. दिसायला ती पत्रावर मोहोर करायच्या लाखेच्या कांडीसारखी आणि असतेही लाखच. तो ती फिरत्या लाकडावर दाबून धरतो. ना ब्रश, ना रंगाचा डबा, ना विस्तव. घर्षणाने लाकूड आणि कांडी दोन्ही तापतात, लाख मऊ पडते आणि लाकडावर लाल पट्टा उमटतो. त्याला लागून पिवळी कांडी टेकवली, की पिवळा पट्टा. दोन रंगांमधली रेघ सुईने आखल्यासारखी. लाख सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास वितळते. एवढी उष्णता केवळ हाताच्या दाबातून आणायची असते. दाब कमी पडला, तर रंग धरत नाही. जास्त झाला, तर लाख ओघळते, गोळे होतात, कधी करपतेही. हे तंत्र कुठे लिहून ठेवलेले नाही. ते मनगटात असते.

या वेळी रंग बसलेला असतो, पण खरबरीत आणि मंद. मग कारागीर एक लांबट सुकलेले पान उचलतो. हे केवड्याचे पान. हरताळकेला आणि गणपतीला आपण ज्याचे कणीस आणतो, त्याच जातीच्या झुडपाचे. त्याच्या कडेचे काटे काढून, घडी घालून ते फिरत्या लाकडावर दाबतात. लाख पुन्हा किंचित मऊ होते, सगळीकडे सारखी पसरते आणि एका क्षणात तो मंद लाल रंग आरशासारखा चमकू लागतो. पाहणाऱ्यांच्या तोंडून हटकून ‘अरे’ निघते ते इथे. आतापर्यंत कंटाळून आईच्या पदराशी खेळणारे पोरसुद्धा पुढे सरकते. मग पटाशीच्या एका फटक्यात वस्तू लेथवरून सुटते आणि पाहणाऱ्याच्या तळहातावर येते. ती अजून कोमट असते.

एवढ्याला दहा मिनिटे लागली असतील, भोवरा असेल तर त्याहूनही कमी. पण ही दहा मिनिटे पाहिलेला माणूस नंतर दुकानात जाऊन ‘इतके महाग कसे?’ असे सहसा विचारत नाही. या एका गोष्टीत चन्नपट्टणचे पुढचे भवितव्य बरेचसे अडकलेले आहे.

लाखेची गोष्ट

लाख आपल्याला महाभारतापासून माहीत आहे. पांडवांना जाळण्यासाठी दुर्योधनाने लाक्षागृह बांधवले, ते लाख चटकन पेट घेते म्हणून. ही लाख म्हणजे एका चिमुकल्या किड्याने स्वतःच्या रक्षणासाठी अंगाभोवती केलेले राळेचे कवच. पळस, बोर, कुसुंब अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे दाटीवाटीने वस्ती करतात. त्या असंख्य, लक्षावधी किड्यांवरूनच ‘लाख’ हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. देशातली बरीचशी लाख झारखंडच्या जंगलपट्ट्यात होते. रांचीजवळ नामकुम येथे लाखेच्या संशोधनासाठी १९२४ मध्येच संस्था निघाली होती.

ही लाख शुद्ध करून चन्नपट्टणात येते. निखाऱ्यावर ती मऊ करून, रंग घालून, चिक्कीच्या पाकासारखी ओढून ओढून मळतात आणि मग तिच्या कांड्या वळतात. पिवळ्यासाठी हळद, निळ्यासाठी नीळ, असे जुने रंग. हळदीत चुना पडला, की लाल होते, हे तर घरोघरी ठाऊक आहे. आज सगळेच कारागीर वनस्पतींचेच रंग वापरतात असे मात्र नाही. बाजारात तयार रंग मिळतात आणि स्वस्त पडतात. काही कार्यशाळांनी नैसर्गिक रंगांचा आग्रह धरून मोठ्या शहरांत आणि परदेशात गिऱ्हाईक मिळवले आहे. आंध्र प्रदेशात वराहा नदीच्या काठी एटिकोप्पाका नावाचे असेच कातकामाचे गाव आहे. तिथे वनस्पतिजन्य रंग पुन्हा रुजवण्याचे काम करणारे सी. व्ही. राजू यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

लहान मुले हाती येईल ते तोंडात घालतात. म्हणून रंगाचा हा प्रश्न नुसता सौंदर्याचा नाही. २००७ मध्ये रंगात शिसे सापडल्यामुळे एका बड्या परदेशी कंपनीला जगभरातून लक्षावधी खेळणी परत घ्यावी लागली. तेव्हा लाखेच्या खेळण्यांकडे अनेक पालकांचे पहिल्यांदा लक्ष गेले. किड्याची राळ आणि स्वयंपाकघरातली हळद यांनी रंगवलेला खुळखुळा बाळाने चोखला, तरी आईचा जीव खालीवर होत नाही.

या खेळण्यांचे एक व्याकरणही आहे. लेथवर जे होते, ते गोलच होते. त्यामुळे हत्ती म्हणजे एक मोठे अंडे, त्यावर एक लहान अंडे आणि चार नळकांडी. आगगाडी म्हणजे चकत्या आणि नळ्या. नवरानवरी म्हणजे दोन गोटे, एकावर टोपी आणि दुसऱ्यावर अंबाडा. कान, शेपटी तेवढी वेगळी करून चिकटवायची. या मर्यादेतूनच चन्नपट्टणचा गोंडस, गुबगुबीत चेहरा घडला आहे. त्याला टोकदार कोपरा नाही, म्हणून रांगणाऱ्या बाळालाही ते लागत नाही. सुटे भाग खुंट्यांनी जोडण्याचे आणि डोळे-मिशा रेखाटण्याचे काम बहुधा बायका करतात. लेथवर बसणाऱ्या बायकाही इथे आहेत. मणी आणि बांगड्यांच्या कामात तर त्यांचाच हात चालतो.

टिपू सुलतान ते जपान

हे कसब गावात आले कसे, याची परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट टिपू सुलतानापासून सुरू होते. इराणी कारागिरांच्या लाखकामावर खूश होऊन त्याने काही जणांना इथे आणून वसवले, असे म्हणतात. टिपूचा राज्यकाळ १७८२ ते १७९९. त्याची राजधानी श्रीरंगपट्टण याच रस्त्यावर पुढे आहे. गोष्टीतला इराणचा भाग किती खरा, हा वाद इतिहासकारांवर सोपवावा. एकोणिसाव्या शतकात मात्र चन्नपट्टणचे नाव लाखेच्या वस्तूंबरोबरच काचेच्या बांगड्यांसाठी आणि वीणेसारख्या वाद्यांच्या पोलादी तारांसाठीही घेतले जात होते. म्हणजे नाजूक हाताची कामे या मातीत आधीपासून होती.

गावात आजही आदराने घेतले जाणारे दुसरे नाव म्हणजे बावास मियां. जपानी पद्धतीचे कातकाम आत्मसात करून ते त्यांनी इथल्या कारागिरांना शिकवले, म्हणून त्यांना चन्नपट्टणच्या खेळण्यांचे जनक मानतात. जपानमध्ये कोकेशी नावाच्या, बिनहातापायांच्या कातीव बाहुल्यांची जुनी परंपरा आहे. त्या बाहुल्या आणि चन्नपट्टणच्या बाहुल्या शेजारी ठेवल्या, की दूरचे नाते चटकन डोळ्यांत भरते. आज या धंद्यात मुस्लिम घरे पुष्कळ आहेत, हिंदू घरेही आहेत. आणि या सगळ्यांच्या हातची बाहुली दसऱ्यात म्हैसूर भागातल्या घरोघरी मांडल्या जाणाऱ्या बाहुल्यांच्या आराशीत जाऊन बसते.

मराठी माणसाला इथे सावंतवाडी आठवल्यावाचून राहत नाही. तिथली लाकडी फळे, भातुकलीची भांडी आणि चितारआळीतली दुकाने आपल्या किती पिढ्यांनी पाहिली. तिथे कातलेल्या वस्तूवर नंतर ब्रशाने रंगकाम होते. चन्नपट्टणात रंग लेथवरच चढतो. आणखी एक साम्य आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कलाकार पाहुण्यांसमोर बसून काम करतात, आणि ते पाहिल्यावर त्या पत्त्यांच्या किमतीबद्दल कुणी तक्रार करत नाही.

प्लास्टिकची लाट

द्रुतगती मार्ग हे चन्नपट्टणवरचे पहिले संकट नव्हे. २००० नंतर चिनी खेळण्यांची लाट आली. दिवे लागणाऱ्या, आवाज करणाऱ्या, निम्म्या किमतीच्या प्लास्टिकपुढे लाकडी घोडा मुका आणि महाग वाटू लागला. अनेकांनी लेथ विकले आणि बंगळुरूची वाट धरली. २००५-०६ मध्ये चन्नपट्टणच्या खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. पण कायद्याने नावाचे रक्षण होते, पोटाचे होतेच असे नाही. मुख्य रस्त्यावरच्या काही दुकानांत आजही अस्सल खेळण्यांच्या शेजारी बाहेरून आलेला माल त्याच नावाखाली बसलेला दिसतो.

पुढे सरकारने २०२० मध्ये खेळण्यांवरची आयात जकात २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर नेली आणि २०२३ मध्ये ७० टक्के केली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक संस्थेची खूण सक्तीची झाली. त्यातून नोंदणीकृत हस्तकारागीर आणि भौगोलिक मानांकन असलेल्या वस्तू वगळल्या गेल्या, हे शहाणपणाचे झाले. नाहीतर एका खोलीत एक लेथ चालवणाऱ्याने प्रयोगशाळेचा खर्च कुठून करायचा? या उपायांनी चन्नपट्टणला थोडी उसंत मिळाली आणि पाठोपाठ महामार्ग आला.

लाकडाचीही ओढाताण आहे. काळा कुडा पूर्वीइतका सहज मिळत नाही, म्हणून केरळकडच्या रबराच्या झाडांचे लाकूडही आता वापरात आले आहे. पण सगळ्यांत मोठी चणचण आहे ती हातांची. लाकडाचा बारीक भुसा दिवसभर नाकातोंडात जातो आणि मजुरी नगावर मिळते. बंगळुरूच्या कारखान्यात किंवा मॉलमध्ये महिन्याचा ठरलेला पगार मिळत असेल, तर कारागिराच्या मुलाने लेथवर का बसावे, या प्रश्नाला शहरातून आलेल्या कलाप्रेमी पाहुण्याकडे उत्तर नसते. ते असल्याचा आव त्याने आणू नये.

दाखवण्याची किंमत

गाडी थांबेनाशी झाली, तेव्हा कारागिरांना गिऱ्हाइकाच्या दारी जाण्याची गरज अधिकच वाढली. तशी ही पद्धत जुनीच. हरियाणात १९८७ पासून भरणारा सूरजकुंडचा मेळा, १९९४ मध्ये सुरू झालेला दिल्ली हाट, बंगळुरूची चित्रकला परिषद, अशा ठिकाणी देशभरातले कारागीर हत्यारांसह येतात आणि लोकांसमोर काम करून दाखवतात. लाखेच्या मालाच्या मांडणीपुढे लेथ चालू असेल, तर तिथे कोंडाळे जमते. नुसता माल मांडलेल्या शेजारच्या मांडणीपुढून लोक बघत बघत पुढे सरकतात.

पण दाखवण्याला किंमत पडते, ती पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. नगावर मजुरी घेणारा माणूस ज्या वेळात पाहुण्याला हळूहळू, थांबून थांबून, पोराच्या दहा प्रश्नांची उत्तरे देत एक भोवरा काढून दाखवतो, त्या वेळात त्याचे कितीतरी भोवरे झाले असते. पाहुणे फोटो काढतात, ‘वा, छान’ म्हणतात आणि निघून जातात. कित्येक जण दुकानातून दहा रुपये स्वस्त मिळेल म्हणून तिथे काहीच घेत नाहीत.

या बाबतीत परदेशाकडे पाहावेसे वाटते. अमेरिकेत कातकाम हा आता मुख्यतः हौशी लोकांचा छंद आहे. १९८६ मध्ये तिथे ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स’ ही संघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्येही तशी एक निघाली. गावोगावी त्यांची मंडळे आहेत. निवृत्त शिक्षक, डॉक्टर, इंजिनीअर महिन्यातून एकदा जमतात, आपापली लाकडी वाडगी टेबलावर मांडतात, एकमेकांना बरेवाईट सांगतात. एखादा वाकबगार कातारी लेथवर काम करून दाखवतो आणि मागच्या रांगेलाही दिसावे म्हणून वर कॅमेरा लावलेला असतो. मुद्दा हा, की त्या दाखवणाऱ्याला त्या वेळेचे मानधन देण्याची रीत आहे. हौसेने काम करणाऱ्यांच्या जगात दाखवण्याला मोल आहे आणि पोटासाठी काम करणाऱ्यांच्या गावात ते फुकट मिळावे अशी अपेक्षा, हे जरा उलटेच म्हणायचे. चन्नपट्टणात काही ठिकाणी आता पैसे घेऊन पाहुण्यांना तासभर लेथवर बसवतात, लाखेची कांडी हाती देतात. यावर नाके मुरडणारे आहेत, पण त्यात वावगे काहीच नाही. उलट लाख ओघळली, पट्टा वाकडा आला, की दुकानातल्या सरळ पट्ट्याची किंमत आपोआप कळते.

जाणार असाल तर

बंगळुरूहून सकाळच्या गाडीने निघून संध्याकाळी परत येता येते. कर्नाटक राज्य परिवहनाच्या बसही आहेत. स्वतःची गाडी असेल, तर द्रुतगती मार्ग सोडून जुन्या रस्त्यानेच जावे, नाहीतर चन्नपट्टण कधी मागे पडले ते म्हैसूर आल्यावर कळते. आधी कारखाने पाहावेत, मग दुकाने. गल्लीत शिरून विचारले, की सहसा कुणी नाही म्हणत नाही. हिंदी, उर्दू बहुतेकांना कळते. दुपारच्या जेवणाची आणि नमाजाची वेळ टाळावी. लेथजवळ मुलांचा हात घट्ट धरावा, ओढणी आणि मोकळे केस आवरून घ्यावेत, कारण फिरता पट्टा कुणाचीही भीड ठेवत नाही. ज्याच्याकडे काम पाहिले, त्याच्याकडून निदान एखादी वस्तू तरी घ्यावी आणि तिथे घासाघीस करू नये.

अस्सल वस्तू ओळखायची, तर ती उलटी करून तळ पाहावा. दुधी, बारीक रेषांचे लाकूड दिसले पाहिजे. नाकाशी धरल्यावर तैलरंगाचा उग्र वास येता कामा नये. दोन रंगांमधली रेघ स्वच्छ असावी आणि कडेवरून बोट फिरवताना कुठे टोचू नये.

घरी आणल्यावरही थोडी काळजी हवी. उष्णतेनेच चढलेला हा रंग उष्णतेनेच बिघडतो. खेळणी कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नयेत, गरम पाण्याने धुऊ नयेत. लाखकामाच्या तबकात उकळत्या चहाचे भांडे ठेवून डाग पाडणाऱ्या सुगृहिणी काही थोड्या नाहीत. स्पिरिटनेही लाख विरघळते. म्हणून कोरड्या, मऊ फडक्याने पुसणे तेवढे पुरे.

संध्याकाळच्या परतीच्या गाडीत गर्दी असते. खिडकीतून रामनगरचे खडक तांबूस होत मागे सरकत असतात. एखादा मुलगा खिशातून भोवरा काढतो आणि पत्र्याच्या पेटीवर सोडतो. लाल, पिवळा, हिरवा पट्टा एकमेकांत मिसळून जातो. समोरच्या बाकावरचा अनोळखी गृहस्थ वर्तमानपत्र बाजूला ठेवून तो थांबेपर्यंत बघत राहतो, आणि मग विचारतो, “कुठे मिळाला रे?”

“मिळाला नाही,” मुलगा सांगतो, “माझ्यासमोर केला.”